आधी धस्स

कोपरखैरण्याच्या सेक्टर पंधरात, दुसऱ्या मजल्यावर,
मी माणसांच्या छातीला दहा वायरी लावते
आणि त्यांना जागच्या जागी चालवते.
नऊ वर्षं झाली.
पट्टा चढा होतो, माणसाला धाप लागते,
काळीज कागदावर डोंगर काढत जातं.
त्यातला चढ कुठला आणि भीती कुठली
हे कागद सांगत नाही.

भाचीचा मानसशास्त्राचा पेपर होता.
ओट्याला टेकून पाठ करत होती:
एक जण म्हणतो, घाबरतो म्हणून आपण पळत नाही,
पळतो म्हणून घाबरतो.
दुसरा म्हणतो, छे, दोन्ही एकदमच,
मेंदूतून दोन पोस्टमन एकाच वेळी निघतात.
तिसरा म्हणतो, आधी नुसती धडधड, बिननावाची;
मग आपण आजूबाजूला बघून तिचं बारसं करतो.

मी कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी होतंच.
म्हटलं, मग आत्ता मी दुःखी आहे का गं?
‘मावशी, पहिल्याच्या मते थोडी असशील.’
खरं सांगू?
होते. थोडी.

आपली भाषा तर केव्हाच त्या पहिल्याच्या बाजूची.
आधी धस्स होतं, मग आपण विचारतो काय झालं.
पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो.
रडू येतं, हसू येतं,
येतं, जसा मीटर बघणारा येतो, न सांगता,
आपण फक्त दार उघडणारे.
‘मी रडले’ हे नंतरचं. चहा घेताना म्हणायचं,
जणू सगळं आपल्याच हातात होतं.

माझं लग्नसुद्धा एका बंद लिफ्टमुळे झालं.
घणसोली, मे महिना, सातवा मजला,
हातात ईसीजीची पेटी, एका म्हाताऱ्या पेशंटच्या घरी.
दार मुलानं उघडलं. निशिकांतनं.
माझे कान तापलेले, गुडघे लटपटत होते,
छातीत ढोल.
समोर कोण आहे ते मी बघितलं
आणि सगळी रक्कम त्याच्या खात्यावर मांडली.
लिफ्ट चालू असती तर?
हे मी त्याला कधी विचारलेलं नाही.

काल हिराजी मढवी आले. वय एकाहत्तर,
पायात नातवाचे बूट, अर्धा इंच मोठे.
तिसऱ्या टप्प्यावर ठोके एकशे अडतीस. ठीक.
पट्ट्यासमोर खिडकी, खिडकीत चार टॉवर,
टॉवरांच्या फटीत खाडीची एक करडी पट्टी.
‘तिकरं आमचं मिठागर व्हतं,’ ते म्हणाले.
कागदावर काहीच बदललं नाही.
एकशे अडतीस. तसेच डोंगर.
गालांवरून मात्र धार लागली.
मी बटणाकडे हात नेला.
‘नको गो. रडत नाय मी. घाम हाय ह्यो.’
घामच होता.
डोळ्यांतून येत होता, एवढंच.
त्यांनी ओठावरचा थेंब जिभेनं टिपला
आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखी मान हलवली.

विचारावंसं वाटलं, काका, आधी काय आलं?
खाडी दिसली म्हणून छाती भरली,
की भरलेल्या छातीला खाडी दिसली?
पण पट्ट्यावरच्या माणसाला बोलतं करायचं नसतं.
‘चाचणी थांबवण्याचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं: दमले.
वायरी सोडवताना माझ्या बोटांना ठोके लागत राहिले.
त्यांचे की माझे, कळेना.

आमच्या इमारतीची लिफ्ट हल्ली चालते.
तरी काल मी जिन्यानं गेले,
पाचव्या मजल्यावर न थांबता.
बेल दाबली. दार निशिकांतनंच उघडलं.
‘काय झालं? एवढी धाप कशानं?’
म्हटलं, थांब.
आधी तुझ्याकडे नीट बघू दे.